मोमीनबाईंचा कट्टा आणि माझा अकबर बादशहा

बावीसचा पाढा म्हणा बघू. अडलात ना बावीस सातवर? मला माहीतच होतं. ज्या बाईंनी तो तुमच्याकडून घोटून घेतला, त्यांच्या पंच्याहत्तरीचा ग्रंथ तुमच्या हातात आहे, आणि तुमच्यातल्या निम्म्यांना बाईंना पंच्याहत्तरावं लागलं हे पत्रिका आल्यावर कळलं. एका मोठ्या साहेबांनी तर फोनवर विचारलं, "बाई अजून हाईत व्हय?" आहेत. चांगल्या खणखणीत आहेत, आणि साहेब, तुमची चौथीतली शुद्धलेखनाची वहीसुद्धा त्यांच्या कपाटात आहे. नाव सांगत नाही. तुमचं तुम्हाला कळलं असेल.

मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि माझी सून सुनंदा लिहून घेते. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. तेव्हा ह्या लेखात जे शुद्ध असेल ते तिचं आणि जे खरं असेल ते माझं, असं धरून चाला. समितीची माणसं लेख मागायला आली तेव्हा मी म्हटलं, अहो, बाईंच्या हाताखालून गेलेले एवढे डॉक्टर-वकील असताना त्यांच्या वर्गात नापास झालेलीचा लेख कशाला? तर म्हणाले, "आक्का, बाईंच्या दारासमोर दार असलेल्या तुम्ही एकट्याच." हे मात्र खरं. जुबेदाबाई मोमीन आणि मी, आक्काताई मगदूम, आमच्या दोन दारांत पंचेचाळीस वर्षं फक्त एक गल्ली आहे, आणि ती गल्लीही इतकी अरुंद की रिक्षा आली तर दोघींनी पाय वर घ्यायचे.

बाईंची शाळा बदलली आणि त्या आमच्या गल्लीत राहायला आल्या, तो दिवस मला आठवतो. त्यांचे मालक एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. सामान हातगाडीवरून आलं. मी दाराआडून बघत होते. आम्ही जैन. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, शेतीवाडीतलं. तिथं मुसलमान म्हणजे बाजारातला बांगडीवाला, तेवढीच ओळख. ही माणसं हिंदी बोलतात असं ऐकलं होतं, म्हणून मी सकाळपासून एक हिंदी वाक्य पाठ केलं. बाई दारात आल्यावर ते फेकलं, "आपको पानी मंगताय क्या?"

बाई म्हणाल्या, "पाणी भरलंय की आक्का. घागरीवर झाकायला ताटली असली तर द्या एक."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं आणि शेवटचं हिंदी.

ताटली दिली, पण मन साफ नव्हतं. महिनाभर मी रोज दुपारी नाक लावून बसायची, पलीकडे काय शिजतंय म्हणून. मुगाची आमटी शिजायची. वांगं शिजायचं. रविवारी मटण शिजायचं. आता ऐका. रविवारी आमच्या गल्लीत घराघरात मटण शिजतं. पाटलांकडे शिजतं, जाधवांकडे शिजतं, कोपऱ्यावरच्या शिंद्यांच्या तांबड्या रश्श्याचा वास तर चौकापर्यंत जातो. न शिजणारं घर आमचं एकट्याचं. पण माझं नाक फक्त मोमिनांच्या चुलीवर! हे माझ्या ध्यानात यायला किती वर्षं लागली ते विचारू नका.

बाईंच्या कामाबद्दल तुम्ही मंडळी माझ्यापेक्षा जास्त लिहाल. मी कट्ट्यावरून जे पाहिलं ते सांगते. संध्याकाळी त्या वह्या तपासायच्या, पण चुकलेलं उत्तर कधी खोडायच्या नाहीत. त्याच्या शेजारी तांबड्या शाईनं बरोबर उत्तर लिहायच्या. मी विचारलं, "चुकलेलं तसंच ठेवता व्हय?" तर म्हणाल्या, "खोडलं तर पोराला कळणार कसं, कुठनं वाट सोडली ते? दोन्ही शेजारी शेजारी दिसू देत." एवढी साधी गोष्ट. पण त्यांचा सगळा स्वभाव त्यात आला.

पुढे बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग निघाले. आमच्या गल्लीतला वर्ग बाईंनी घेतला, आमच्याच सोप्यात, दिवेलागणीच्या आधी. मी 'ग'पर्यंत गेले आणि तिथंच बसले. बाईंची पद्धत अशी की कानावर पडलेला एक शब्द ज्यानं त्यानं सांगायचा आणि तोच लिहायला शिकायचा. कुणी 'भाकरी' सांगितलं, कुणी 'नवरा'. माझी पाळी आली त्याच वेळेला मशिदीची बांग सुरू झाली. मी म्हटलं, "अकबर लिवा."

"अकबर?" बाईंनी विचारलं.

"तोच की. रोज पाच टायमाला हाक मारत्यात न्हवं त्या बादशहाला. मरून एवढी वर्सं झाली, तरी सोडंनात बिचाऱ्याला."

 बाईंनी खडू खाली ठेवला, तोंडाला पदर लावला आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग फळ्यावर तो शब्द लिहिला आणि म्हणाल्या, "आक्का, तो बादशहा न्हवं. अकबर म्हणजे सगळ्यात मोठा. अल्ला सगळ्यात मोठा हाय, असं सांगत्यात."

"कुणापेक्षा मोठा?"

"राजापेक्षा. मामलेदारापेक्षा. आपल्या मालकांपेक्षा बी."

"सासूपेक्षा?"

"व्हय, सासूपेक्षा."

"मग असू दे," मी म्हटलं, "रोज सांगू देत."

त्या दिवशी बाईंनी सगळ्या बांगेचा अर्थ सांगितला. देव एकच आहे, त्याच्याशिवाय कुणापुढे वाकायचं नाही. या, नमाजला या. या, भल्याच्या वाटेला या. पहाटेच्या बांगेत एक ओळ जास्त असते, झोपेपेक्षा नमाज बरी. मी म्हटलं, ही ओळ तुमच्या अस्लमच्या कानात जात नाही वाटतं. अस्लम म्हणजे बाईंचा एकुलता एक. तेव्हा कॉलेजात होता आणि आठाला उठायचा.

लग्न होऊन आल्यापासून वीस-बावीस वर्षं मी ती बांग दिवसातून पाच वेळा ऐकत होते, आणि इतकी वर्षं मी एका मेलेल्या बादशहावर चिडत होते. कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

एकदा तोंड उघडलं ते मग मिटलं नाही. बाईंच्या घरात देव्हारा नाही, तसबीर नाही. मी विचारलं, "मग नमाजाला उभं राहून बघता कुणाकडं?" बाई म्हणाल्या, "आपण बघायचं न्हाय. तोच आपल्याकडं बघतोय असं धरून उभं ऱ्हायचं." मी सांगितलं, आमच्यात तर हे जग कुणी केलंच नाही म्हणतात, ते आपलं आपण आहे, आणि आपली कर्मं आपण फेडायची. बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "आक्का, मग आपलं मोठं भांडण व्हायला पायजे." मी म्हटलं, "होऊ दे की. च्या झाल्यावर करू." तो चहा अजून चालू आहे.

सगळं पटलं असं सांगितलं तर बाई स्वतःच मला खोटारडी म्हणतील. बकरी ईदचे दिवस मी त्यांच्या दारात पाय ठेवत नाही, आणि त्या बोलावतही नाहीत. कुर्बानीचे तीन भाग करायचे, एक घरचा, एक सोयऱ्याधायऱ्यांचा, एक गरिबाचा, हे त्यांनी समजावलं. मला समजलं, पण पटलं नाही, आजही नाही. त्यांना माझं चातुर्मासात कांदा-लसूण सोडणं समजतं, पण पटत नाही. म्हणतात, कांद्यानं तुमचं काय घोडं मारलंय? समजायला पटावंच लागतं असं नाही, हे आम्ही दोघी एकमेकींकडून शिकलो.

रमजानात तर आमची गंमतच असते. मी दिवस मावळायच्या आत जेवण उरकणार, आणि बाई दिवस मावळल्यावर पहिला घोट घेणार. संध्याकाळी दोघीही कट्ट्यावर बसून पाटलांच्या टाकीमागे जाणाऱ्या सूर्याकडे बघायचो. मी म्हणायची, "दम धर रं बाबा, माझा भात राहिलाय." बाई म्हणायच्या, "जा रं बाबा लौकर, घसा वाळलाय." त्यानं दोघींचंही कधी ऐकलं नाही. त्याच महिन्यात शाळेतल्या पोरांना खिचडी वाढायचं काम बाई स्वतः मागून घ्यायच्या. कुणीतरी म्हणालं, उपाशीपोटी वास सोसतो कसा? तर म्हणाल्या, "न सोसता व्हायला हे काय डायटिंग हाय? रोजा हाय."

त्यांच्या चांगुलपणाची एकच गोष्ट सांगते, कारण ती त्यांनी मला कधीच सांगितली नाही. आमचं पर्युषण दहा दिवसांचं. एका वर्षी मी दहाही दिवस कडक केले. त्यात एकदा अस्लम तोंड पाडून कट्ट्यावर बसलेला. मी म्हटलं, काय झालं रे? तर म्हणाला, "आक्का, तुमचे उपास संपणार कधी? तुमच्या नाकाला वास जाऊ ने म्हणून आई आम्हाला आठवडाभर वरणभात घालतीय." म्हणजे बाईंना माझ्या नाकाची गोष्ट पहिल्यापासून माहीत होती!

आता जे सांगायचं आहे ते सांगते. सुनंदाचा हात इथं थांबलाय, कारण ह्यात तिचा लेक आहे. मी म्हटलं, लिही.

तीन-चार वर्षांमागे मोबाईलवर मुसलमानांबद्दल काहीबाही आलं आणि गावाचं वारं फिरलं. आमच्या गल्लीत कुणी दगड मारला नाही. गल्लीनं दारं लावून घेतली, बस. सकाळी 'बाई, बाई' करणारी माणसं मान खाली घालून जायला लागली. बाईंकडे शिकलेला एक गृहस्थ भाजीच्या गाडीवर त्यांना बघून तोंड फिरवून उभा राहिला. बाई त्याला बघून हसणार होत्या. तोंडावर आलेलं हसू घेऊन तशाच घरी आल्या. अस्लम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "आई, बास झालं. हे घर विकू, तिकडं आपल्या माणसांत ऱ्हायला जाऊ." इतकी वर्षं असल्या गोष्टीला हसून उडवणाऱ्या बाई ह्या वेळी म्हणाल्या, "बघ गिऱ्हाईक."

दुसऱ्या दिवशी घर बघायला एजंट आला. भिंतीवर टिचकी मारून बघत होता. मला ती टिचकी माझ्या कपाळावर बसल्यासारखी वाटली.

त्याच आठवड्यात आमची क्षमावाणी होती. वर्षभरात कुणाचं मन दुखावलं असेल तर त्या दिवशी घरोघर जाऊन क्षमा मागायची, अशी आमची रीत. हल्ली कुणी जात नाही, मोबाईलवरून पाठवतात. माझा नातू सम्मेद, इंजिनियर, सकाळी सगळ्या जगाला 'उत्तम क्षमा' पाठवून बसला होता. मी सुनंदाला विचारलं, ते गावभर फिरलेलं दुसरं जे काय होतं, ते ह्याच्याकडे आलं होतं का? तिनं सम्मेदच्या खोलीकडे बघितलं. मी सम्मेदला हाक मारली.

"तू फुडं पाठवलंस ते?"

"आजी, सगळ्यांनीच पाठवलं. ती लोकं तशीच असत्यात."

"कोण ती लोकं?"

"म्हणजे... बाई न्हाईत. बाई वेगळ्या हाईत."

"बाईंचे मालक?"

"ते बी वेगळे होते."

"अस्लम? तुला सायकल शिकवलीय त्यानं."

"अस्लमदादाचं सोड की."

"कोपऱ्यावरचा बागवान? गाद्या भरणारा पिंजारी? तुझ्या आजोबांना खांद्यावरनं दवाखान्यात नेलं तो जमादार?"

 मी म्हटलं, "माझ्या वळखीतला एकूण एक मुसलमान वेगळाच निघाला की रं. मग ती तशी लोकं ऱ्हात्यात कुठं? तुझ्या मोबाईलात?" एकाच फोनवरून सकाळी क्षमा जाते आणि दुपारी शिवी जाते, हे त्या यंत्राला चालत असेल, मला चालत नाही. मी पायात चप्पल घातली आणि त्याला दंडाला धरून गल्ली ओलांडली.

बाई पुस्तकं दोरीनं बांधत होत्या. मी म्हटलं, "बाई, आज क्षमा मागायचा दिवस. माझी वीस वर्सांची अकबर बादशहाची चूक हाय, आणि ह्याची कालची हाय." सम्मेदला बादशहाची गोष्ट माहीत नव्हती. मी सांगितली तशी तो फिस्सकन हसला.

"हास," मी म्हटलं. "मी चुकले खरी, पण बाईंच्या तोंडावर बोलले, म्हणून दुरुस्त झाले. तू मात्र बाईंना सोडून बाकी सगळ्या गावाला सांगितलंस."

त्यानं मान खाली घातली. "चुकलो बाई," एवढंच म्हणाला. बाईंनी दोरीची गाठ मारली नाही. म्हणाल्या, "बस. तुझ्या डोक्यात काय हाय ते विचार. ऐकीव सांगायचं न्हाय, विचारायचं."

त्यानं दबकत विचारलं, "तुमच्यात आम्हाला काफिर म्हणत्यात ना?"

मला वाटलं, बाई रागावतील. बाई म्हणाल्या, "शब्द हाय. न मानणारा, असा त्याचा अर्थ. शिवी म्हणून तोंडात घोळवणारी आमच्यात बी हाईत, आणि ती चुकत्यात. मी तुला पंचवीस वर्सं काय म्हणत आले?"

"सम्मेद."

"तेच तुझं नाव. फुडं?"

"तुमचं... म्हणजे तुमच्या लोकांचं देशावर..."

"हे न्हाय सांगणार," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतला. "हा प्रश्न तू तुझ्या आजीला विचारला न्हाईस, पाटील गुरुजींना विचारला न्हाईस. मला एकटीला विचारायचा असला, तर तो प्रश्न न्हवं. दुसरा विचार."

सम्मेदचे कान लाल झाले. बाईंनीच मग त्याला सोडवलं. म्हणाल्या, "आता मी विचारते. मगदूम हे आडनाव कुठल्या भाषेतलं?"

"मराठी. न्हायतर कन्नड."

"अरबी. मखदूम. ज्याची सेवा करायची असा मानाचा माणूस."

तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघायला लागला, जशी काय मीच ते त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. मला काय ठाऊक? मी एवढंच म्हटलं, की ज्याची सेवा करायची हा जो अर्थ आहे तो माझ्या सुनेला जरा मोठ्यानं सांगा. (सुनंदा, हे गाळू नकोस.)

तो दिवस गुरुवारचा होता. पुढच्या गुरुवारी सम्मेद दोन दोस्तांना घेऊन कट्ट्यावर विचारायला आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी सहाजण. बायकाही यायला लागल्या. एकीनं विचारलं, रोज्यात थुंकी गिळलेली चालते का? चालते. एकानं विचारलं, बायका मशिदीत का जात नाहीत? बाई म्हणाल्या, "धर्मात मनाई न्हाय. इथं बायकांना जागा केलेली न्हाय. का केली न्हाय, हे मी आमच्या माणसांना विचारलंय. त्यांचं उत्तर अजून यायचंय." मग बाईंच्या नात्यातल्या पोरीही आल्या आणि मलाच विचारायला लागल्या, आक्का, तुमच्या दिगंबर महाराजांना थंडी वाजत नाही का? मी म्हटलं, वाजत असणार की, पण ते तुमच्यासारखं बोलून दाखवत नाहीत. बाईंची अट एकच, पहिल्या दिवशीची. कुणी 'असं म्हणतात' म्हणून सुरू केलं की बाई विचारायच्या, "कोण म्हणतं? त्यालाच घेऊन ये पुढच्या गुरुवारी." दोघं-तिघं खरोखरच आले. भाजीच्या गाडीवरचा तो गृहस्थही एकदा आला. काही विचारलं नाही. शेवटपर्यंत बसला आणि जाताना त्यानं बाईंच्या चपला सरळ करून ठेवल्या.

तोपर्यंत एजंटानं गिऱ्हाईक आणलं. सम्मेद कट्ट्यावरच होता. त्यानं परस्पर सांगून टाकलं, "पावणं, घर विकायचं न्हाय."

बाई आतून आल्या. "कुणी सांगितलं तुला?"

सम्मेद उभा राहिला. म्हणाला, "कुणी न्हाय. न विचारता सांगितलं, चुकलं. आता विचारतो. बाई, ऱ्हाताय का?"

बाईंनी पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. ते पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही, हे सुनंदा सांगेल. एका सकाळी दार उघडून बघते तर पुस्तकांच्या दोऱ्या सुटलेल्या आणि बाई पुस्तकं फळीवर लावत होत्या. मला म्हणाल्या, "अस्लम म्हणतोय, एक वर्स बघू."

ते एक वर्ष आम्ही दर वर्षी वाढवून घेत आलो आहोत. अस्लमची भीती मोडलेली नाही, आणि त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पाठ फिरवलेली माणसं त्यानं पाहिली आहेत. भीती बाईंच्या एकटीच्या धीरानं मोडत नसते. ती मोडायला त्यांच्या दारात माणूस यावा लागतो, परत परत यावा लागतो. म्हणून ही पंच्याहत्तरी मला नुसत्या हॉलमधल्या भाषणांवर उरकलेली नको आहे.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, डोळ्यांतला मोतीबिंदू लवकर निघो, आवाज असाच राहो. तुमचा अल्ला तुम्हाला देवो आणि आमच्यात देणारा कुणी नसल्यामुळे माझ्या पदरी जे काही पुण्य असेल त्यातलं अर्धं मी तुमच्या नावे करते. अर्धं मला लागेल. सासू म्हणून मी फार चांगली नव्हते.

आणि तुम्ही मंडळी, शाल-श्रीफळ पुरे झालं. बाईंच्या घरी कपाट भरलंय. पंच्याहत्तरीच्या आठवड्यात प्रत्येकानं खपली गव्हाची खीर करून बाईंच्या घरी पोचती करायची. गूळ बेताचा घाला, गहू चांगला मऊ शिजवा, खालचे दात त्यांनी नवीन बसवून घेतलेत. घेऊन स्वतः जायचं, ड्रायव्हरच्या हाती पाठवायचं नाही. आणि खीर त्यांच्या भांड्यात ओतून देऊ नका, तुमचा डबा तिथंच ठेवून या. म्हणजे तो आणायला तुम्हाला परत जावं लागेल.